पंगत, मेज आणि लोटाभर पाणी

डमडमचे नाव काढले की प्रत्येकाच्या मनात निराळे चित्र उभे राहते. प्रवाशाला विमानतळ आठवतो. संगीताच्या रसिकाला १९२८ साली येथे सुरू झालेला ग्रामोफोन कंपनीचा कारखाना आठवतो, कारण महाराष्ट्रातील कित्येक घरांतून वाजलेल्या तबकड्या तेथेच तयार झाल्या. इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथील छावणी आणि तिच्या नावाने जगभर कुप्रसिद्ध झालेली बंदुकीची गोळी आठवते. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी प्रस्तुत लेखकाने मात्र या सर्वांहून साधा विषय निवडला आहे, तो म्हणजे घराबाहेरचे जेवण. खाणावळ, भाताचे हॉटेल, चिनी उपाहारगृह आणि अलीकडे थाई व इंडोनेशियन पदार्थ देणारी छोटी भोजनगृहे यांचा इतिहास वाचकांस हलकाफुलका वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न आहे, आणि तो प्रश्न डमडमच्याच भूमीवर एकदा फार तीव्रतेने विचारला गेला होता.

जानेवारी १८५७ मधील ही हकीकत आहे. नव्या एन्फील्ड बंदुकीचे शिक्षण देण्याचे एक केंद्र डमडमच्या छावणीत होते. शस्त्रागारात काम करणाऱ्या, खालच्या मानलेल्या जातीच्या एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातले पाणी प्यायला मागितले. लोटा विटाळेल म्हणून शिपायाने नकार दिला. त्यावर खलाशी उत्तरला की, आता लवकरच गाईची व डुकराची चरबी लावलेली काडतुसे तुम्हांला दाताने तोडावी लागतील, तेव्हा ही जात कोठे राहील? छावणीतील अधिकाऱ्याने वरिष्ठांस कळविलेला हा वृत्तान्त पुढे सत्तावनच्या उठावाच्या प्रत्येक इतिहासात आला. इतिहासकारांचे लक्ष साहजिकच काडतुसाकडे गेले. आपण क्षणभर लोट्याकडे पाहू. एका तहानलेल्या माणसाला दुसऱ्याने पाणी द्यावयाचे की नाही, हे त्या काळी तहानेवर ठरत नव्हते. अन्नपाण्याविषयी पहिला प्रश्न असे तो ‘कोणी शिवले?’ हा.

या प्रश्नाचा जाच महाराष्ट्रीय माणूस बंगालमध्ये येताना बरोबर घेऊन आला. डमडमपासून फार दूर नसलेल्या, हुगळीच्या पलीकडच्या काठावरील श्रीरामपूर येथे गोपाळराव जोशी टपाल खात्यात नोकरीस होते. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या महाविद्यालयात भाषण करून आपण वैद्यकी शिकण्यास अमेरिकेस का जात आहोत हे सांगितले, आणि हिंदू म्हणूनच जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन अशी ग्वाही दिली. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. अमेरिकेतही त्यांनी आपला शाकाहार सोडला नाही. अठरा वर्षांच्या त्या मुलीपुढे परदेश, परभाषा आणि शरीरविच्छेदन यांच्या जोडीला रोजच्या ताटाचाही प्रश्न उभा होता, हे आपण सहसा विसरतो.

पुढे १८९० साली याच गोपाळरावांमुळे पुण्यात मोठे वादळ उठले. पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यासह अनेक प्रतिष्ठित मंडळींना चहा व बिस्किटे देण्यात आली. त्यांची नावे गोपाळरावांनी वृत्तपत्रातून जाहीर केली आणि ‘चहा-ग्रामण्य’ सुरू झाले. शंकराचार्यांकडे तक्रार गेली, चौकशी झाली, प्रायश्चित्ताचे वाद झडले. एका पेल्यावरून विद्वानांचे शहर दुभंगले. परक्याच्या घरी काहीही तोंडात घालणे ही किती अवघड गोष्ट होती, याची कल्पना आज चौकाचौकांत चहा पिणाऱ्या आपणांस येणे कठीण आहे.

ग्रंथांनी आणि सभांनी जे साधले नाही, ते पुढे बऱ्याच अंशी पोटाने साधले. कलकत्त्यात कचेऱ्या, गिरण्या, छापखाने आणि महाविद्यालये वाढली, तसे खेड्यांतून एकटे पुरुष शहरात आले. ते ‘मेसबाडी’त राहू लागले व ‘पाइस हॉटेला’त जेवू लागले. पैसा हे त्या काळी रुपयाच्या चौसष्टाव्या भागाचे नाणे होते. या हॉटेलांची रीत मोठी चोख होती आणि काही ठिकाणी ती आजही चालू आहे. केळीचे पान, भात, डाळ, भाजी, मासा, चटणी यांपैकी प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी. जे घ्याल त्याचेच पैसे. वाढणारा नोकर ग्राहकाने काय काय खाल्ले ते मोठ्याने पुकारतो आणि गल्ल्यावरचा मनुष्य बेरीज करतो. मुंबईत गिरगावच्या खाणावळींनी जे काम केले, तेच कलकत्त्यात या हॉटेलांनी केले.

त्यांतील पुष्कळांच्या पाटीवर ‘हिंदू हॉटेल’ असे शब्द असत. गिऱ्हाइकाच्या मनातील शंका दाराशीच मिटविण्याचा तो उपाय होता. तथापि आत शिरल्यावर शेजारच्या पानावर कोण बसला आहे, हे कोणी कोणास विचारीत नसे, कारण जेवणास मिळालेल्या अर्ध्या तासात विचारण्यास सवडच नसे. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांनी १९४० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आदर्श हिंदू हॉटेल’ या कादंबरीत राणाघाट स्टेशनाजवळच्या अशाच हॉटेलातील एका गरीब आचाऱ्याला नायक केले. महाविद्यालयांच्या परिसरातील एक ‘हिंदू हॉटेल’ स्वातंत्र्यानंतर ‘स्वाधीन भारत हिंदू हॉटेल’ झाले.

इकडे महाराष्ट्रात हाच लढा उघडपणे आणि जाणीवपूर्वक लढला जात होता. कोल्हापुरात पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना शाहू छत्रपतींनी चहाचे हॉटेल काढून दिले. लोक तेथे फिरकत नाहीत असे दिसताच महाराज स्वतः गाडी थांबवून तेथील चहा पिऊ लागले, आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजू लागले. रत्नागिरीत १९३३ साली सावरकरांनी सर्व जातींच्या हिंदूंसाठी उपाहारगृह सुरू केले. २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून तेथे कोणासही मज्जाव करता येत नाही. देशाच्या सर्वोच्च कायद्यात हॉटेलाचा उल्लेख का करावा लागला, हे लोट्याची आणि हौदाची गोष्ट ठाऊक असणाऱ्यास सांगावयास नको.

मध्यंतरी बंगालने अन्नाचे सर्वांत भयंकर रूप पाहिले. १९४३ च्या दुष्काळात लक्षावधी माणसे मेली. खेड्यांतून आलेले भुकेले जीव कलकत्त्याच्या दारोदार भातसुद्धा मागत नव्हते, भाताची पेज मागत होते. आणि त्याच रस्त्यांवर उपाहारगृहे चालू होती. बाहेर जेवण्याचा इतिहास लिहिताना काचेच्या अलीकडच्या माणसाबरोबर पलीकडच्या माणसाचीही आठवण ठेवली पाहिजे. पाठोपाठ फाळणी आली. पूर्व बंगालचे निर्वासित डमडमच्या परिसरात वसले. अशा वस्त्यांतून हळूहळू भाताची छोटी हॉटेले उभी राहिली. हरवलेल्या घराची चव विकून नवे घर उभारणारी ही माणसे आपल्या शेजारची होती.

परदेशी अन्नाचा प्रवेशही असाच स्थलांतरितांच्या हातून झाला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चिनी लोक येथे आले, टिरेटा बाजारात आणि पुढे टांगऱ्याच्या चर्मोद्योगात स्थिरावले. १९६२ च्या युद्धानंतर त्यांच्यापैकी अनेकांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले, हे दुःखद सत्य त्यांच्या नूडल्सवर ताव मारताना आठवत नाही. तिबेटी निर्वासितांबरोबर मोमो आले.

थायलंड व इंडोनेशिया यांच्याशी तर डमडमचे नाते आकाशमार्गाचे आहे. १९२४ साली डच कंपनी के. एल. एम.चे विमान ॲम्स्टरडॅमहून बटाव्हियास, म्हणजे आजच्या जकार्तास गेले, ते कलकत्त्यास थांबून. पुढे या मार्गाने नियमित वाहतूक सुरू झाली आणि रंगून, बँकॉक ही डमडमच्या पुढची ठाणी झाली. त्याआधीचे नाते गंगेकाठचे. हुगळीवरील चुंचुडा हे ठाणे डचांकडे होते. १८२४ च्या तहाने सुमात्रातील बेंकुलन इंग्रजांनी डचांना दिले, आणि त्याच तहान्वये चुंचुडा इंग्रजांकडे आले. बंगाली मेजवानीतील कोळंबीच्या ‘मलाईकारी’त मलई नसून नारळाचे दूध असते, आणि ते नाव ‘मलय’ देशावरून आले असावे असे एक मत आहे. कोकणातून आलेल्या वाचकास नारळाच्या दुधाचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

आपल्या मंडळाच्या आरंभीच्या दिवसांतील एक प्रसंग येथे नोंदविणे अवश्य वाटते. पहिल्या गणेशोत्सवातील भोजनाच्या बैठकीत, पाणी वाढण्यास येणारा मुलगा कोणत्या जातीचा, असा प्रश्न एका सभासदाने केला. सर्वांनी आमच्या आजोबांकडे पाहिले. ते सोवळ्याचे अभिमानी म्हणून प्रसिद्ध होते, कचेरीत आयुष्यभर घरचा डबा नेत आले होते. आजोबा थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी सांगितले की, तरुणपणी एका पावसाळ्यात शहर पाण्याखाली गेले असताना, दिवसभराच्या उपाशीपोटी ते एका पाइस हॉटेलात जेवले होते. ही गोष्ट त्यांनी आजीलाही कधी सांगितली नव्हती. “त्या दिवशी पाणी कोणी दिले ते मी विचारले नाही, आज विचारावयास मला तोंड नाही,” एवढेच ते म्हणाले. बैठक पुढच्या विषयाकडे वळली. तो मुलगा आला, त्याने पाणी वाढले, आणि त्यानंतर हा प्रश्न मंडळाच्या बैठकीत निघाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तीन पिढ्या मिळून नागेरबाजारच्या बाजूस एका लहानशा भोजनगृहात गेलो. भोजनपत्रिकेत बिर्याणी, चाऊमीन, थाई हिरवी करी, नासी गोरेंग आणि साते शेजारीशेजारी होते. नासी म्हणजे भात आणि गोरेंग म्हणजे परतलेला, तेव्हा हा आपला फोडणीचा भातच, असे नातीने आजीला समजावले. करीत गवती चहाचा वास ओळखून आई हसली. सातेबरोबरची चटणी शेंगदाण्यांची आहे हे कळताच तिला खानदेशातले माहेर आठवले. शेंगदाणा आणि मिरची ही दोन्ही अमेरिकेतून निघून जावा बेटावर व जळगावात सारखीच घरची होऊन बसली आहेत. आई कट्टर शाकाहारी. तिने वाढप्याला बंगालीत विचारले, “यात मासळीचे काही घालता का?” तो आत गेला, परत आला आणि म्हणाला, “होय मासीमा, या करीत माशांचा रस असतो. तुमच्यासाठी वेगळी करावयास सांगतो.” तिने त्याचे नाव-गाव विचारले नाही. त्याने खरे सांगितले, यावर ती समाधानाने जेवली.

‘कोणी शिवले?’ या प्रश्नाच्या जागी ‘यात काय घातले आहे?’ हा प्रश्न येण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली. दुसरा प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येकास आहे, मग तो व्रतामुळे असो, प्रकृतीमुळे असो वा आवडीमुळे. पहिला प्रश्न मात्र पुरता मेलेला नाही. भाड्याचे घर शोधताना, सोयरीक जुळविताना, कधी कधी स्वयंपाकघरातील वेगळ्या ठेवलेल्या कपात तो अजून जिवंत सापडतो.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या भोजनासाठी एक नम्र सूचना करून हा लेख संपवितो. प्रत्येक पदार्थासमोर त्यात काय आहे याची चिठ्ठी मराठीत व बंगालीत लावावी. आचारी, वाढपी आणि भांडी घासणाऱ्या मंडळींना शेवटच्या पंगतीत आपल्याबरोबर बसवावे, आणि त्या पंगतीत पाणी वाढण्याचे काम कार्यकारिणीने करावे.