गाठ सांगायची कुणाला? केडगावच्या रमाबाईंपासून आशाताईच्या फॉर्मपर्यंत



शिरूर आणि दौंडकडच्या सगळ्या ताई, माई, मावशी, आज जरा जवळ बसून ऐका. घरात सासूबाई असतील, सुना-लेकी असतील, तर त्यांनाही बोलवा. आजचा विषय आपण एरवी आवाज खाली आणून बोलतो. थानात आलेली गाठ, काखेत आलेली गाठ आणि तिथलं दुखणं.

विषय सुचला तो आमच्या गटाच्या बैठकीत. हप्त्याची वही मिटली, बाया उठायला लागल्या आणि एक मैत्रीण मागे रेंगाळली. तिनं परवानगी दिली म्हणून सांगते, नाव सांगत नाही. म्हणाली, “ताई, काखेत गाठ आलीय. दुखत नाही, म्हणून अंगावर काढतेय.” मी विचारलं, “कधीपासून?” तर म्हणाली, “कांदे लावले तेव्हापासून.” आणि त्या दिवशी तिच्या रानातले कांदे काढून झाले होते!

म्हणजे चार महिने. या चार महिन्यांत ती घरच्या कुणाला बोलली नव्हती. दवाखान्यात का गेली नाहीस विचारलं, तर म्हणाली, “तिथं पुरुष डॉक्टर असतात. पदर कसा बाजूला करायचा?”

तिचं हे बोलणं ऐकलं आणि मला पंडिता रमाबाई आठवल्या. कारण हेच गाऱ्हाणं रमाबाईंनी सरकारपुढे मांडलं होतं, तेही १८८२ साली.

रमाबाई आपल्याला परक्या नाहीत. पुण्याहून दौंडला जाताना यवतच्या पुढं केडगाव स्टेशन लागतं. तिथलं मुक्ती मिशन त्यांचंच. १८९६-९७च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुली-बायांना त्यांनी तिथं आसरा दिला आणि ५ एप्रिल १९२२ला तिथंच त्यांचं निधन झालं. पण मी सांगतेय ती गोष्ट त्याच्या बरीच आधीची आहे. १८८२ साली रमाबाई अवघ्या चोवीस वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी नवरा वारलेला, पदरी लहानगी मनोरमा. त्या पुण्याला आल्या आणि बायकांसाठी आर्य महिला समाज काढला. तेव्हा सरकारनं शिक्षणाची पाहणी करायला हंटर साहेबांचं कमिशन नेमलं होतं. रमाबाईंनी त्या कमिशनपुढे मराठीत साक्ष दिली. मुलींच्या शाळेला बाई शिक्षिका हव्यात, हे तर त्या म्हणाल्याच. पण आणखी एक मागणी केली. बायकांना डॉक्टरीचं शिक्षण द्या. आमच्या बायका आपलं दुखणं पुरुषाला सांगू शकत नाहीत आणि न सांगताच हजारोंनी मरतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

हंटर साहेबांवर या साक्षीचा इतका परिणाम झाला की त्यांनी तिचं भाषांतर करून ती वेगळी छापवली. पुढं १८८५ साली हिंदुस्थानातल्या बायकांच्या उपचारांसाठी लेडी डफरिन यांच्या नावानं निधी उभा राहिला. त्यामागं रमाबाईंच्या साक्षीचाही वाटा होता, असं अनेक अभ्यासक मानतात.

त्याच काळात रमाबाईंच्या नात्यातली एक मुलगी डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेली होती. कल्याणची आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी तिला मूल झालं आणि दहा दिवसांत दगावलं. ते दुःख पोटात घेऊन ती शिकली. ११ मार्च १८८६ला फिलाडेल्फियात तिला डॉक्टरची पदवी मिळाली, तेव्हा तो सोहळा बघायला रमाबाई तिथं हजर होत्या. पण आनंदीबाई परत आल्या त्या क्षयानं खंगून. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात त्या गेल्या. वय बावीसही पूर्ण नव्हतं. बायकांना तपासायला निघालेली पहिली मराठी बाई रुग्ण तपासायच्या आतच गेली.

मुंबईत मात्र १८८६ साली कामा हॉस्पिटल सुरू झालं. पेस्तनजी कामा यांच्या देणगीतून उभं राहिलेलं हे बायकांचं इस्पितळ आणि तपासणाऱ्या डॉक्टरही बायका. त्याच्या प्रमुख होत्या एडिथ पेची नावाच्या इंग्रज डॉक्टरीण बाई. इथल्या बायकांसाठी त्यांनी वर्षानुवर्षं राबून काम केलं. पुढं त्या मायदेशी परतल्या आणि १९०८ साली वारल्या. आजार होता स्तनाचा कॅन्सर. हे मी मुद्दाम सांगते. हा रोग शिकलेली-अडाणी, गोरी-काळी असं काही बघत नाही. “मी कुणाचं वाईट केलं?” असं विचारत बसायचं कारण नाही. हा पापाचा भोग नाही, कुणाची नजर नाही, आणि शिवल्यानं पसरत तर मुळीच नाही.

मग तेव्हा उपचार काय होते? साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तच्या एका जुन्या लेखात थानाच्या गाठींबद्दल लिहून ठेवलंय की यावर इलाज नाही. त्यानंतर अनेक शतकं फार काही बदललं नाही. १८९४ साली अमेरिकेतल्या हॉल्स्टेड नावाच्या सर्जननं आपली शस्त्रक्रिया जगापुढं मांडली. त्यात पूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळंच काढून टाकायचे. बाई जगायची, पण छाती खोल जायची, हात सुजायचा, घागर उचलणं मुश्किल व्हायचं. आपल्या आज्या-पणज्यांच्या मनात “गाठ म्हणजे सगळं कापणार” अशी जी भीती बसली, ती उगीच नव्हती. त्या काळी खरंच तसं होतं.

पण ते दिवस गेले. १९८१ साली इटलीतल्या आणि १९८५ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मोठे अभ्यास करून दाखवलं की गाठ लहान असताना सापडली, तर फक्त गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढून शेक दिला तरी बाई तितकीच जगते. स्तन वाचतो. इटलीच्या अभ्यासातल्या गाठी दोन सेंटीमीटरपेक्षा लहान होत्या, म्हणजे साधारण सुपारीएवढ्या किंवा त्याहून बारीक. बघा मैत्रिणींनो, सुपारीएवढी असताना दाखवली तर थोडक्यात भागतं. लिंबाएवढी होईपर्यंत लपवली तर उपचार मोठे होतात. बाई घाबरून लपवते आणि लपवल्यामुळंच ज्याची भीती असते ते घडतं.

आपल्या महाराष्ट्रातही या काळात मोठं काम झालं. मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. त्यांच्या आठवणीतून टाटा कुटुंबाच्या ट्रस्टनं मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभं केलं. ते सुरू झालं २८ फेब्रुवारी १९४१ला. पण मुंबई लांब. खेड्यातल्या बाईचं काय? दौंडवरून सोलापूरच्या गाडीत बसलं की कुर्डुवाडी येतं आणि तिथून पुढं बार्शी. त्या बार्शीत १९८७ साली खेड्यातल्या कॅन्सरची नोंद ठेवायला सुरुवात झाली. भारतात ग्रामीण भागातली ही पहिलीच नोंदणी. पण बाया दवाखान्यात आल्याच नाहीत तर नोंद कशी होणार? म्हणून तिथले कार्यकर्ते गावोगावी फिरले, पारावर, ओट्यावर बसून बोलले, लक्षणं सांगितली, तपासणीला सोबत चला म्हणाले. आज आपण रेडिओवर करतोय, तेच काम त्यांनी पायी केलं.

मग १९९८ साली टाटा हॉस्पिटलनं मुंबईच्या वस्त्यांमध्ये एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायका त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांमध्ये खास शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी बायकांचे स्तन हातानं तपासायच्या. या कार्यकर्त्या डॉक्टर नव्हत्या आणि त्यांच्याकडं महागडं मशीनही नव्हतं. बाईचा हात आणि शिकवलेली बोटं, एवढंच. असे तपासणीचे चार फेरे झाले. वीस वर्षं पाठपुरावा करून २०२१ साली निकाल छापून आला. तपासलेल्या वस्त्यांमध्ये कॅन्सर निघालेल्या शंभर बायकांपैकी ३७ जणींचा आजार पुढं गेलेला होता. न तपासलेल्या वस्त्यांमध्ये तोच आकडा ४७ होता. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या रोगानं होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, हेही खरं सांगायला हवं. म्हणून तरुण बाईनं तपासणीची वाट बघत बसू नये, काही वेगळं वाटलं की लगेच दाखवावं.

आता गाठींबद्दल नीट समजून घेऊ. पहिली गोष्ट, थानातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. तरण्या मुलींमध्ये गोटीसारखी, बोटाखालून सटकणारी गाठ असते, ती बहुधा साधी असते. पाळीच्या आधी दोन्ही बाजूंना जडपणा, दुखणं, गाठी-गाठी लागणं आणि पाळी आल्यावर कमी होणं, हेही नेहमीचं. बाळ अंगावर पीत असेल तर दूध साचून गाठ होते. तेव्हा पाजणं थांबवू नका. पण ताप आला, जागा लाल झाली, ठणकायला लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, नाहीतर पू होतो.

काखेचं गणित वेगळं आहे. हाताकडून आणि स्तनाकडून येणारं पाणी काखेतल्या बारीक गाठींमधून गाळलं जातं, चहा गाळणीतून गाळतो तसं. बोटाला काटा लागला, जखम चिघळली की काखेत अवधान येतं. केसाच्या मुळाशी फोड येऊन काखमांजरी होते. बाळंतपणानंतर काखेतही दुधाचा फुगवटा येऊ शकतो. टीबीची गाठ काखेत येते. आणि स्तनाचा कॅन्सरही काखेत आधी दिसू शकतो. म्हणून जखम बरी होऊनही दोन आठवड्यांत गाठ गेली नाही, तर दाखवायचं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. नुसतं दुखणं बहुतेक वेळा कॅन्सरचं नसतं. सुरुवातीची कॅन्सरची गाठ बहुधा दुखतच नाही. आपली मैत्रीण “दुखत नाही म्हणून” थांबली होती. दुखतंय म्हणून गाठ साधीच, असंही धरून चालू नका. दुखो वा न दुखो, नवी गाठ दाखवायचीच. तरणी बाई असेल तर फार तर एक पाळी होऊन जाऊ द्या. पाळी गेलेली असेल तर तेवढंही थांबू नका. गाठ टणक आहे, एका जागी धरून बसलीय, कातडीला खळी पडली, संत्र्याच्या सालीसारखी झाली, बोंड नव्यानं आत ओढलं गेलं, त्यातून रक्तासारखं पाणी येतं, बोंडावरची जखम भरत नाही, एक थान एकाएकी वेगळं दिसू लागलं, तर त्याच आठवड्यात जा. आणि हो, पुरुषांनाही हा आजार होतो. धन्याच्या छातीत गाठ असेल तर त्यालाही पाठवा.

दवाखान्यात काय होतं? आधी हातानं तपासतात. मग सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि लागलं तर सुईनं तुकडा घेतात. “सुई लावली की पसरतं” हे खरं नाही. सुईशिवाय गाठ कसली ते नक्की कळत नाही. डाग देणं, लेप लावणं, चोळणं यात फक्त वेळ जातो. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयापासून सुरुवात करा, पुढं ते ससूनला किंवा दुसरीकडं पाठवतील. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा. पुरुष डॉक्टर असेल तर नर्सबाई जवळ उभ्या राहू द्या, असं बिनधास्त सांगा. तो आपला हक्क आहे.

आणि आता रमाबाईंकडं परत येते. तिशी ओलांडलेल्यांकडं आशाताई एक फॉर्म घेऊन येते, आठवतं? त्यात बायकांना विचारलेलं असतं, स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्तासारखं काही येतं का, आकार बदललाय का. ओसरीवर सासरे बसलेले असतात, दारात दीर उभा असतो आणि आपण पटकन म्हणतो, “नाही, नाही, काही नाही.” मैत्रिणींनो, दुखणं सांगायला एक बाई द्या, म्हणून रमाबाईंनी साक्ष दिली. ती बाई आता आपल्या दारात उभी आहे, आपल्याच गावची आहे. तिला म्हणा, “ताई, जरा आत ये, मग सांगते.”

आमची मैत्रीण शेवटी गेली. मी सोबत गेले, दिवसभराची मजुरी बुडाली. सुई लावली, टीबीची गाठ निघाली. आता तिचं औषध चालू आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. परवा म्हणाली, “कॅन्सर नव्हता, उगीच घाबरले.” मी म्हटलं, “घाबरलीस ते राहू दे. चार महिने गप्प बसलीस, ते पुन्हा करू नको.”

या बैठकीत हप्त्याची वही मिटल्यावर लगेच उठू नका. एकमेकींना एवढंच विचारा, “कुणी काही अंगावर काढतेय का?” आणि कुणी हो म्हणाली, तर तिच्यासोबत एकजण जा.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.