आजाराचा खर्च कोणाचा?

मॉरिशस म्हटले की आपल्याला समुद्रकिनारे आठवतात, फार तर तिथली मराठी मंडळी आणि गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी. मला मात्र त्या बेटावरच्या सरकारी दवाखान्यांचे कुतूहल वाटते. देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या नाशिक शहरापेक्षाही कमी. तरीही सरकारी रुग्णालयात नागरिकाला उपचारासाठी पैसे मोजावे लागत नाहीत, आणि ही रीत कित्येक दशकांची आहे. आपल्या राज्यात आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील शुल्क बंद झाले ते १५ ऑगस्ट २०२३ पासून.

१८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर तिथल्या ऊसमळ्यांवर जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी, सातारा भागांतले पुष्कळ होते. मळ्यावर दवाखाना ठेवण्याचे मालकावर बंधन होते. पण आजारपणाचा दिवस बिनपगारी! आणि आजार खरा मानला नाही, तर एका खाड्यापायी दोन दिवसांचा पगार कापला जाई. आजाराचा खर्च आजाऱ्यानेच भरायचा, असा हा हिशेब. १८७२ मध्ये शाही आयोग नेमला गेला. त्यातले विल्यम फ्रिअर मुंबई इलाख्यात नोकरी केलेले गृहस्थ. मळ्यांवरच्या दवाखान्यांची दुरवस्था आयोगाने १८७५ च्या अहवालात मांडली.

त्याआधीच हिवतापाने बेट हादरले होते. १८६७ या एका वर्षात तीस हजारांच्या वर माणसे दगावली. ऐपतदार लोक राजधानी सोडून क्युरपीपच्या थंड पठारावर राहायला गेले. मजूर कुठे जाणार? डासांचा संबंध सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस १९०७ मध्ये तिथे पाहणीला आले, पण हिवताप खरा आटोक्यात आला तो १९४९ नंतरच्या डीडीटी फवारणीने.

मग लोकसंख्या भराभर वाढली. अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ च्या सुमारास बेटाच्या भवितव्याबद्दल फारशी आशा दाखवली नव्हती. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम स्वतः डॉक्टर, बिहारमधून आलेल्या मजुराचे चिरंजीव. पैसा कुठून आला, हे मला महत्त्वाचे वाटते. साखरेवर निर्यातकर होता आणि १९७५ पासून युरोपात साखरेला हमीभाव मिळू लागला. ज्या उसाने मजुराला आजारी पाडले, त्याच उसाने दवाखाने चालवायला हातभार लावला. पुढे नाणेनिधीच्या अटींखाली खर्चाला कात्री लागली, तेव्हाही मोफत उपचार टिकले.

खासगी दवाखान्यांत जाणारेही तिथे कमी नाहीत, हेही सांगायला हवे. आणि छोट्या देशाला प्रत्येक तज्ज्ञ परवडत नाही. पाम्प्लमूसला हृदयरोग केंद्र झाले, पण जे बेटावर होत नाही त्यासाठी सरकार ठरावीक मर्यादेपर्यंत मदत देऊन रुग्णाला परदेशी पाठवते, बऱ्याचदा भारतातच. सुरगाण्याचा रुग्ण नाशिकच्या सिव्हिलला येतो, तिथून मुंबईला जातो, त्यातलाच हा प्रकार. मध्ये फक्त हिंदी महासागर आहे.