पॅरिसची टाकून दिलेली बालके व त्यांचे पालनगृह

आपल्या पुष्कळ धर्मग्रामांतून संत व्हिन्सेंट डी पॉल ह्यांच्या नावाने चालणारे मंडळ गरिबांची वास्तपुस्त करीत असते. देवळाच्या दारापाशी ठेवलेल्या त्याच्या पेटीत आपण जाता-येता काही ना काही टाकतो. तथापि ज्या संताचे नाव त्या पेटीवर आहे, त्याच्या हातून घडलेल्या कार्यांपैकी सर्वांत अवघड कार्य कोणते, असे विचारल्यास उत्तर क्वचितच मिळते. ज्युबिलीच्या ह्या पुस्तिकेत आम्हांस त्या कार्याचा वृत्तांत सांगावासा वाटतो. ते कार्य म्हणजे फ्रान्सची राजधानी पॅरिस येथील टाकून दिलेल्या अर्भकांचे पालनगृह होय.

सतराव्या शतकातील पॅरिस हे मोठे वैभवशाली, परंतु तितकेच दरिद्री शहर होते. तेथे दरवर्षी सुमारे तीन-चारशे नवजात बालके देवळांच्या पायऱ्यांवर व रस्त्यांच्या कोपऱ्यांवर सोडून दिली जात. अशा मुलांकरिता नोत्र दामच्या थोर देवळाजवळ 'ला कूश' नावाचे एक घर होते व ते एक विधवा बाई एक-दोन मोलकरणींच्या साहाय्याने चालवीत असे. मुले शेकडो, दूध पाजणाऱ्या बाया थोड्या व पैसा त्याहून थोडा! रडणाऱ्या बालकांस निजविण्यासाठी अफूचे औषध देण्यात येई व त्यातच कित्येकांचा अंत होई. काही मुले आठ-आठ सू, म्हणजे अगदी क्षुल्लक किंमत, घेऊन विकली जात. विकत घेणाऱ्यांत असे भिकारीही असत की, जे लोकांस दया यावी म्हणून त्या कोवळ्या जीवांचे हातपाय मोडीत. पुष्कळ बालके बाप्तिस्म्यावाचूनच मरण पावत. गेल्या पन्नास वर्षांत तेथील एकही मूल जगल्याचे ऐकिवात नाही, असे खुद्द व्हिन्सेंट ह्यांनीच म्हटल्याचे त्यांचे चरित्रकार बिशप लुई आबेली ह्यांनी 1664 साली लिहून ठेविले आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आम्हांस अवश्य वाटते. बर्फ पडत असता मध्यरात्री एकटेच हिंडून, झग्याखाली अर्भक घेऊन येणारे व्हिन्सेंट ह्यांचे चित्र पुष्कळांच्या घरी टांगलेले असते. चित्र मनोहर आहे खरे. परंतु त्या काळच्या विश्वसनीय कागदपत्रांत ह्या प्रसंगास आधार सापडत नाही. जे खरोखर घडले ते चित्रात दाखविता येण्याजोगे नाही. सभा, हिशेबाच्या वह्या, दायांचा शोध, भाड्याची घरे व कर्ज, ह्यांचाच तो इतिहास आहे. आमच्या मते त्याने संताची थोरवी कमी न होता वाढतेच.

व्हिन्सेंट ह्यांनी पॅरिसमधील धनवान व कुलीन स्त्रियांचे एक दयामंडळ उभारिले होते. 'ला कूश'ची स्थिती त्यांनी ह्या स्त्रियांस प्रत्यक्ष पाहावयास लाविली. स्त्रिया हळहळल्या, पण सगळी मुले घेणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. तेव्हा 1638 साली प्रयोगादाखल बारा मुले घेण्याचे ठरले. बारा कोणती? ती निवडण्याचे धैर्य कोणासही झाले नाही, म्हणून चिठ्ठ्या टाकण्यात आल्या. ज्या मुलांची चिठ्ठी निघाली ती एका भाड्याच्या घरी आली; ज्यांची निघाली नाही ती 'ला कूश'मध्येच राहिली. वाचकहो, ह्या मागे राहिलेल्यांचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. त्या सद्हृदय स्त्रियांसही तो स्वस्थ बसू देईना. पैसा जसजसा जमे, तसतशी त्या आणखी काही मुले आणवीत. आणि अखेरीस 1640 च्या आरंभी त्यांनी सर्वच मुलांचा भार पत्करला.

ह्या भाराचा खरा वाटा ज्यांच्या खांद्यांवर पडला त्या म्हणजे दयेच्या कन्या. हा धर्मभगिनींचा संघ व्हिन्सेंट व संत लुईझ द मारियाक ह्यांनी 1633 साली स्थापिला होता. बहुतेक भगिनी खेड्यांतल्या साध्या शेतकऱ्यांच्या मुली होत्या. लुईझबाई स्वतः विधवा. त्यांचा जन्म 1591 साली एका मोठ्या घराण्यात, परंतु विवाहबाह्य संबंधातून झाला होता. त्यांची आई कोण, हे कधी उघड झाले नाही. 'पापाची मुले' म्हणून ज्यांच्याकडे जग पाठ फिरवीत होते, त्यांच्या पाळण्यांची व्यवस्था ह्या बाईच्या हाती यावी, हा आम्हांस परमेश्वराचा संकेत वाटतो. कारण आक्षेप त्या वेळीही होतेच. अशी मुले पोसल्याने दुराचारास उत्तेजन मिळते, असे चांगले धर्मशील लोकही म्हणत. व्हिन्सेंट ह्यांचे म्हणणे असे की, टाकलेल्यांस उचलण्याकरिताच प्रभू येशू ह्या जगात आला.

आता व्यवस्था कशी होती ती पाहू. प्रारंभी गाईच्या वा शेळीच्या दुधावर मुले वाढविता येतील काय, ह्याचा विचार झाला. परंतु त्या काळी आईच्या दुधावाचून तान्ही मुले सहसा वाचत नसत. म्हणून मूल येताच त्यास दूधआई शोधावी लागे. काही दाया घरातच ठेविल्या होत्या. बाकीची मुले आसपासच्या खेड्यांतील बायांकडे महिन्याच्या पगारावर सोपविली जात. कोणते मूल कोणाकडे दिले ह्याची नोंद ठेवावी लागे. मूल जिवंत आहे काय, बाई त्यास नीट पाजते काय, की केवळ पगारच घेते, हे पाहण्याकरिता भगिनी गावोगाव फिरत. दूध सुटल्यावर मुले परत येत. मग त्यांस प्रार्थना व अक्षरे शिकवावयाची, मुलींस शिवणकाम, आणि मोठी झाल्यावर मुलांस एखाद्या कारागिराच्या हाताखाली लावून द्यावयाचे. म्हणजे एका मुलाची जबाबदारी पत्करणे हे दहा-बारा वर्षांचे बंधन होते. दान देणाऱ्यांच्या हे लवकर ध्यानात येत नाही. पहिल्या वर्षीचा उत्साह पाचव्या वर्षी राहत नाही, हा अनुभव काही पॅरिसपुरताच नाही.

खर्च वर्षास चाळीस हजार लिव्रच्या घरात गेला. तेराव्या लुई राजाने 1642 मध्ये वार्षिक चार हजार लिव्र नेमून दिले. 1644 मध्ये राजदरबाराकडून आणखी आठ हजार मिळाले. उरलेली तूट त्या स्त्रियांनी भरावयाची. त्या थकल्या. तेव्हा, 1647 च्या सुमारास, व्हिन्सेंट ह्यांनी त्यांस एकत्र बोलाविले. त्यांच्या भाषणाचा आशय असा होता की, आजवर आपण ह्या मुलांच्या माता होता. आता क्षणभर न्यायाधीश व्हा, आणि ती जगावीत की मरावीत ह्यावर मत द्या. स्त्रियांच्या डोळ्यांस पाणी आले व कार्य पुढे चालविण्याचा निर्णय झाला.

त्याच वर्षी राणीने दिलेल्या बिसेत्रच्या जुन्या राजवाड्यात मुले नेण्यात आली. ही जागा लुईझबाईंस मुळीच पसंत नव्हती. वाडा अवाढव्य, शहरापासून दूर व तेथील हवा बोचरी. त्यांचे म्हणणे तेव्हा मानले गेले नाही. दानशूर मंडळींस भव्य इमारत आवडते. आत झाडलोट करणारीस विचारतो कोण! पुढे 1648 मध्ये यादवी पेटली, व 1649 च्या आरंभी पॅरिसला वेढा पडला. बिसेत्रच्या आसपास सैनिकांचा वावर, शहरातून धान्य येण्याची पंचाईत, व देणगीदार स्त्रियांचीच मिळकत बुडालेली. पगार थकल्यामुळे दाया मुले परत आणून सोडू लागल्या. अंगावर घालावयास कपडा नाही, अशी लुईझबाईंची त्या काळची पत्रे आहेत. त्या पत्रांत व्याकुळता आहे. पण मुले घेणे बंद करावे, असा सूर नाही. 1651 मध्ये बिसेत्र सोडून मुले परत शहरालगत आणण्यात आली. तेथे तेरा लहान घरे पूर्वीच बांधून ठेविली होती.

लुईझबाई 15 मार्च 1660 रोजी देवाघरी गेल्या व व्हिन्सेंट त्याच वर्षी 27 सप्टेंबर रोजी. दहा वर्षांनी, 1670 साली, चौदाव्या लुई राजाने फर्मान काढून ह्या पालनगृहास सरकारमान्य संस्थेचे रूप दिले. त्याने स्थैर्य आले, पण संख्याही भयंकर वाढली. 1772 साली एका वर्षात साडेसात हजारांहून अधिक मुले तेथे आली. दूरदूरच्या प्रांतांतूनही ती आणली जात, आणि पुष्कळ अर्भके वाटेतच किंवा पहिल्या वर्षातच दगावत. भगिनींची सेवा चालूच होती. परंतु इतक्या मुलांस पुरतील एवढ्या दूधआया कोठून आणाव्या, ह्याचे उत्तर कोणापाशीच नव्हते.

मुले टाकणारे सारेच दरिद्री व अशिक्षित नव्हते. बालशिक्षणावर जगप्रसिद्ध ग्रंथ लिहिणारा झां-झाक रूसो ह्याने आपली पाचही मुले ह्याच पालनगृहात सोडल्याचे स्वतः कबूल केले आहे. पहिल्या मुलाच्या कपड्यांत त्याने खुणेची एक चिठ्ठी ठेविली होती. पुढच्या मुलांच्या वेळी तीही ठेविली नाही. 1761 मध्ये एका थोर स्त्रीने त्या खुणेवरून पहिल्या मुलाचा शोध करविला. नोंदवह्या चाळण्यात आल्या, पण मूल सापडले नाही.