कूटचलनाच्या पेढीवरील नवें गिऱ्हाईक

पैसा हातीं येण्याचे मार्ग मनुष्यास फार प्राचीन काळापासून ठाऊक आहेत. श्रम करावे, माल विकावा, वारसा मिळावा, नाहीं तर कोणी दान द्यावें. सन २००९ मध्यें जें एक नवें नाणें जगांत अवतरलें, त्याच्या बाबतींतहि यांपैकीं बहुतेक मार्ग एकामागून एक चोखाळले गेले, आणि तेहि अवघ्या पांच वर्षांच्या आंत. त्या नाण्याचें नांव बिटकॉइन. त्याच्या मागोमाग निघालेलीं हजारों नाणीं आज बाजारांत आहेत, व त्या सर्वांस मिळून कूटचलन किंवा क्रिप्टोकरन्सी असें म्हणतात. परंतु नवख्या मनुष्यानें हें चलन मिळवावें कसें व त्याचा व्यापार करावा कसा, या प्रश्नाचा इतिहास पाहूं गेल्यास तो बहुतेक बिटकॉइनच्या पहिल्या पंधरा वर्षांत सांपडतो. त्यांत एक चमत्कारिक गोष्ट दिसते. सराफाची गरजच उरूं नये म्हणून जें नाणें निर्माण झालें, तें घेण्यासाठीं नवखा मनुष्य सराफाच्याच दारांत जाऊन उभा राहिला.

सन २००८ च्या सप्टेंबर महिन्यांत अमेरिकेंतील लेहमन ब्रदर्स ही जुनी पेढी बुडाली आणि पाश्चात्य देशांतील बँकांवरचा लोकांचा विश्वास डळमळला. त्याच वर्षीं ३१ ऑक्टोबर रोजीं सातोशी नाकामोतो या नांवानें एक नऊ पानी निबंध इंटरनेटवर प्रसिद्ध झाला. बँकांच्या पतनामुळेंच तो लिहिला गेला असें म्हणण्याची वहिवाट आहे. पण या नाण्याच्या संकेतस्थळाचें नांव ऑगस्टमध्येंच नोंदलें गेलें होतें, तेव्हां विचार आधींपासून चालू असला पाहिजे. नाकामोतो ही व्यक्ति एक कीं अनेक, हें निर्विवादपणें सिद्ध झालेलें नाहीं. निबंधाचा आशय मात्र स्पष्ट आहे. दोन मनुष्यांना एकमेकांस पैसे पाठवावयाचे असतां मध्यें बँक असण्याचें कारण काय? बँक वही ठेवते. अमक्याच्या नांवें इतके जमा, तमक्याच्या नांवें इतके खर्ची. तीच वही हजारों संगणकांवर एकाच वेळीं ठेवली, आणि प्रत्येकानें आलेली नोंद आपल्यापुरती ताडून पाहिली, तर खोटी नोंद टिकणार नाहीं आणि वहीला एक धनीहि लागणार नाहीं.

या वहींत मनुष्याचें नांव नसतें. असतो तो अंक आणि अक्षरें यांचा एक पत्ता. त्या पत्त्यावरील नाणें दुसरीकडे पाठविण्यास एक गुप्त किल्ली लागते. ही किल्ली लोखंडाची नव्हे. ती एक प्रचंड मोठी संख्या होय. ज्याच्यापाशीं किल्ली, त्याचें नाणें. ती हरवली तर दाद मागावयास कचेरी नाहीं, आणि चोरीस गेली तर नोंद फिरवून देणारा मुनीम नाहीं. वेल्स प्रांतांतील न्यूपोर्ट येथील एका गृहस्थाची, त्याच्या सांगण्याप्रमाणें सुमारें आठ हजार नाण्यांची किल्ली संगणकाच्या ज्या तबकडींत होती, ती तबकडी सन २०१३ मध्यें कचऱ्यांत गेली. नगरपालिकेच्या उकिरड्याचें उत्खनन करूं द्यावें म्हणून तो कोर्टापर्यंत गेला. जानेवारी २०२५ मध्यें न्यायाधीशांनीं त्याचा दावा फेटाळला. किल्ली स्वतः बाळगणें म्हणजे किती जोखमीचें काम आहे, हें यावरून ध्यानांत यावें. पुढील सर्व कथेचें मूळ या जोखमींतच आहे.

आरंभीं नाणें मिळे तें श्रमानें; मात्र ते श्रम मनुष्याचे नसून यंत्राचे. वहीला नवें पान जोडण्यासाठीं एक अवघड संख्या हुडकून काढावी लागे. ज्याचा संगणक ती प्रथम हुडकी, त्याच्या नांवें पन्नास नवीं नाणीं जमा होत. यास खाणकाम म्हणतात. सुमारें दहा मिनिटांस एक पान. दर दोन लक्ष दहा हजार पानांनंतर बक्षीस निम्में. आणि एकंदर नाणीं दोन कोटि दहा लक्षांच्या पुढें कधींहि जावयाचीं नाहींत, असा नियम. ३ जानेवारी २००९ रोजीं पहिलें पान तयार झालें. १२ जानेवारीस नाकामोतोनें हॅल फिनी या अमेरिकन संगणकतज्ज्ञास दहा नाणीं पाठविलीं. एका मनुष्याकडून दुसऱ्याकडे बिटकॉइन गेल्याची ही पहिली नोंद. त्या काळीं घरांतला साधा संगणक चालू ठेवला तरी नाणीं पदरांत पडत. पण त्यांचें करावयाचें काय, हें कोणासच ठाऊक नव्हतें.

पहिला भाव निघाला तो विजेच्या खर्चावरून. ऑक्टोबर २००९ मध्यें न्यू लिबर्टी स्टँडर्ड या नांवाच्या एका लहानशा पेढीनें संगणक चालविण्यास लागणाऱ्या विजेचा हिशेब करून एका डॉलरला १,३०९ नाणीं असा दर जाहीर केला. त्याच महिन्यांत फिनलंडमधील मार्टी माल्मी या तरुणानें ५,०५० नाणीं पांच डॉलर दोन सेंटांस विकलीं. २२ मे २०१० रोजीं फ्लोरिडांतील लास्लो हान्येत्झ यानें दोन पिझ्झांच्या मोबदल्यांत दहा हजार नाणीं दिलीं. या मनुष्याची पुढें फार थट्टा झाली. ती थट्टा न्याय्य नव्हे. नाण्याच्या बदल्यांत जेवण घरीं येतें हें कोणी तरी करून दाखविल्यावांचून त्यास नाणें म्हणणार कोण?

त्याच वर्षीं जून महिन्यांत गॅव्हिन अँड्रेसन या अमेरिकन प्रोग्रॅमरानें तर दानाचा मार्ग काढला. आपल्या संकेतस्थळास त्यानें नळ असें नांव दिलें होतें. आपल्याकडे त्यास पाणपोई म्हटलें असतें. जो येईल त्यास पांच नाणीं फुकट. नवख्यानें नाणें हातीं घ्यावें, एकदां इकडून तिकडे पाठवून पाहावें, एवढाच हेतु. डिसेंबर २०२४ मध्यें एका बिटकॉइनचा भाव एक लक्ष डॉलरांच्या वर गेला, हें लक्षांत घेतां त्या पाणपोईवरील पेला किती मोलाचा होता तें कळतें. मात्र ज्यांनीं तो घेतला त्यांस तो जपून ठेवण्याचें कांहींच कारण दिसत नव्हतें.

येथवर किल्ली ज्याची त्याच्यापाशीं होती. परंतु लवकरच खाणकामांत अधिक शक्तीचीं यंत्रें आलीं, सन २०१३ पासून तर केवळ त्याच कामासाठीं घडविलेलीं यंत्रें आलीं, आणि घरच्या संगणकाच्या हातीं कांहीं लागेनासें झालें. पाणपोईहि आटली. नवख्यास उरला तो विकत घेण्याचा मार्ग.

हा मार्ग बहुतेकांस एकाच दुकानाकडे नेई. जुलै २०१० मध्यें जेड मॅकॅलेब या अमेरिकन तरुणानें माउंट गॉक्स नांवाची पेढी काढली. नांव एखाद्या पर्वताचें वाटतें. वास्तविक तीं एका पत्त्यांच्या खेळाच्या नांवाचीं आद्याक्षरें होत, कारण त्या खेळाच्या पानांच्या देवघेवीसाठीं मॅकॅलेबनें तें संकेतस्थळ पूर्वीं घेऊन ठेवलें होतें. मार्च २०११ मध्यें त्यानें ही पेढी टोकियोंत राहणाऱ्या मार्क कार्पेलेस या फ्रेंच तरुणास विकली. सन २०१३ मध्यें जगांतील बिटकॉइनच्या व्यवहारांपैकीं सुमारें सत्तर टक्के व्यवहार या एका पेढीवर होत होते.

नवखा मनुष्य तेथें काय करी, तें नीट पाहिलें पाहिजे. कारण त्यानंतरच्या बहुतेक पेढ्या याच नमुन्यावर चालल्या. तो आपल्या बँकेंतून पेढीकडे रक्कम पाठवी. पेढी ती त्याच्या नांवें जमा दाखवी. फळ्यावर एका बाजूस घेणाऱ्यांचे भाव व दुसऱ्या बाजूस विकणाऱ्यांचे भाव मांडलेले असत. जेथें दोन्ही जुळत तेथें सौदा पक्का होई व पेढी आपली दलाली कापून घेई. कापसाच्या किंवा शेअरांच्या बाजारांत याहून निराळें कांहीं होत नाहीं. परंतु हा सौदा जगाच्या त्या सामायिक वहींत चढतच नसे. तो चढे पेढीच्या खासगी चोपडींत. नाण्यांची किल्ली पेढीपाशीं राही आणि गिऱ्हाइकापाशीं राही पेढीचा शब्द. आपलीं नाणीं स्वतःच्या पत्त्यावर काढून नेण्याची प्रत्येकास मोकळीक होती. नेणारे मात्र थोडे. किल्ली सांभाळण्याचें भय होतेंच, शिवाय रोजच्या तेजीमंदीवर व्यापार करावयाचा तर माल पेढीवरच ठेवणें सोयीचें. म्हणजे बँकेवर विश्वास ठेवावा लागूं नये म्हणून निघालेल्या नाण्यासाठीं लोक बँकेपेक्षांहि कमी जामीनकीच्या दुकानावर विश्वास ठेवूं लागले. बँकेवर निदान सरकारची देखरेख असते. या दुकानावर कोणाचीच नव्हती.

जून २०११ मध्यें एका चोरट्यानें पेढींत शिरकाव केला, आणि साडेसतरा डॉलरांच्या आसपास असलेला भाव फळ्यावर कांहीं काळ एका सेंटावर आला. पेढी आठवडाभर बंद राहून पुन्हां उघडली व गिऱ्हाइकें परतलीं. नोव्हेंबर २०१३ मध्यें भाव एक हजार डॉलरांच्या वर गेला तेव्हां नव्या गिऱ्हाइकांची रीघ लागली. फेब्रुवारी २०१४ च्या आरंभीं पेढीनें नाणीं परत देणें थांबविलें. लंडनहून आलेलें एक गिऱ्हाईक पेढीच्या दारापुढें बर्फांत फलक घेऊन उभें राहिलें. फलकावर, आमचा पैसा कोठें आहे, अशा अर्थाचा प्रश्न होता. २८ फेब्रुवारीस कार्पेलेसनें पत्रकारांसमोर कमरेंत वाकून क्षमा मागितली आणि पेढी दिवाळखोरींत निघाली. साडेसात लक्ष नाणीं गिऱ्हाइकांचीं व एक लक्ष पेढीचीं गहाळ होतीं. पुढच्या महिन्यांत त्यांपैकीं सुमारें दोन लक्ष नाणीं एका जुन्या, विसरलेल्या खात्यांत सांपडलीं.

सर्वांत बोधक गोष्ट चौकशींत पुढें आली. चोरी सप्टेंबर २०११ पासून चालू होती. अर्थात् २०१३ च्या तेजींत ज्यांनीं येथें पहिलें नाणें घेतलें, त्यांचें गिऱ्हाईक म्हणून नांव चोपडींत चढलें त्याच्या कितीतरी आधींच तिजोरीला गळती लागलेली होती. फळ्यावर भाव हालत होते, जमेचे आंकडे बरोबर दिसत होते, दलाली कापली जात होती. उणें होतें तें केवळ नाणें. जगाची ती सामायिक वही सर्वांस खुली होती आणि तिच्यांत एकहि खोटी नोंद नव्हती. परंतु नवख्यानें ती वही पाहिलीच नव्हती. त्यानें पाहिली ती दुकानदाराची चोपडी. कार्पेलेस यास सन २०१९ मध्यें टोकियोच्या न्यायालयानें हिशेबांत फेरफार केल्याबद्दल तहकूब शिक्षा दिली. अफरातफरीच्या आरोपांतून तो सुटला. जपाननें एप्रिल २०१७ पासून अशा पेढ्यांस सरकारी नोंदणी सक्तीची केली.

हिंदुस्थानांत हा व्यापार सुमारें २०१३ पासून सुरू झाला. त्या वर्षीं २४ डिसेंबर रोजीं रिझर्व्ह बँकेनें लोकांस पहिला सावधगिरीचा इशारा दिला. इशाऱ्यानें भाव कमी होत नाहींत. सन २०१७ मध्यें भाव वीस हजार डॉलरांच्या जवळ पोंचला, आणि आपल्याकडेहि ज्यांनीं कधीं शेअर घेतला नव्हता असे लोक बिटकॉइनची चौकशी करूं लागले. यांपैकीं पुष्कळांस फळा, भाव, दलाली हें सर्व किचकट वाटे. त्यांच्यासाठीं ओळखीपाळखींतून आणखी सोपी योजना घरीं चालत येई. गेनबिटकॉइन या योजनेचें आश्वासन असें कीं, नाणीं आमच्याकडे ठेवा, अठरा महिने दरमहा दहा टक्के मिळतील. पुढें मूळ नाण्यांऐवजीं योजनेच्या चालकांनीं स्वतःच काढलेलें, बाजारांत फारसें मोल नसलेलें दुसरें नाणें लोकांच्या हातीं ठेवलें. पुण्यांत फिर्यादी दाखल झाल्या व एप्रिल २०१८ मध्यें पुणें पोलिसांनीं मुख्य चालकास अटक केली. माउंट गॉक्सच्या गिऱ्हाइकास निदान बाजार तरी दिसत होता. येथें तोहि नव्हता.

त्याच एप्रिलच्या ६ तारखेस रिझर्व्ह बँकेनें सर्व बँकांस या पेढ्यांशीं संबंध तोडण्याचा हुकूम दिला. सप्टेंबरमध्यें झेबपे या मोठ्या पेढीनें येथील व्यवहार बंद केला. ऑक्टोबरांत युनोकॉइन या पेढीनें बेंगळूरच्या एका बाजारसंकुलांत रोख रक्कम घेणारें यंत्र बसविलें. तें पोलिसांनीं जप्त केलें. मग नवख्यासाठीं निराळी पद्धति निघाली. विकणाऱ्याचीं नाणीं पेढी तारण म्हणून अडकवून ठेवी, घेणारा आपल्या बँकेंतून विकणाऱ्याच्या खात्यांत परस्पर रुपये भरी, आणि विकणाऱ्यानें पोंच दिली कीं पेढी नाणीं सोडी. पेढीच्या हातीं रुपया येतच नसे. वझीरएक्स या पेढीचें नांव याच काळांत वाढलें. ४ मार्च २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें रिझर्व्ह बँकेचा हुकूम रद्द ठरविला. बँकेस अधिकार नाहीं म्हणून नव्हे, तर योजिलेला उपाय प्रमाणाबाहेर होता म्हणून.

सन २०२२ च्या अर्थसंकल्पानें नफ्यावर तीस टक्के कर बसविला, एका व्यवहारांतील तोटा दुसऱ्या उत्पन्नांतून वजा करण्याची मनाई केली, आणि त्या वर्षाच्या १ जुलैपासून विक्रीच्या रकमेंतून एक टक्का कापून घेण्याचा नियम लावला. रोजच्या रोज घेण्याविकण्याचा नाद असलेल्यास हा एक टक्का नफ्यावरील करापेक्षांहि जड गेला. मार्च २०२३ मध्यें या पेढ्या काळ्या पैशाच्या व्यवहारांस प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखालीं आणल्या गेल्या, आणि गिऱ्हाइकाची ओळख पटवून घेणें त्यांस बंधनकारक झालें. आतां पेढीस गिऱ्हाईक कोण तें कायद्यानें ठाऊक असूं लागलें. पेढीच्या तिजोरींत काय आहे, तें मात्र गिऱ्हाइकास पूर्वींइतकेंच ठाऊक राहिलें.

माउंट गॉक्सच्या गिऱ्हाइकांस त्यांच्या नाण्यांपैकीं कांहीं भाग परत मिळण्यास जुलै २०२४ मध्यें प्रारंभ झाला. त्यांच्या प्रतीक्षेस दहा वर्षें होऊन गेलीं होतीं. त्याच महिन्याच्या १८ तारखेस वझीरएक्सच्या तिजोरींतून तेवीस कोटि डॉलरांहून अधिक किंमतीचीं नाणीं चोरीस गेलीं. त्या तिजोरीस एकाहून अधिक किल्ल्या होत्या व त्या निरनिराळ्या हातीं होत्या. पेढीनें नाणीं परत देणें थांबविलें, आणि वर्षाहून अधिक काळ येथील लक्षावधि गिऱ्हाइकांस आपल्या नांवावर जमा दिसणारे आंकडे नुसते पाहात बसावें लागलें.