पत्ता निवडण्याचा हक्क

‘जालना सोने का पालना’ ही म्हण आमच्या भागात लहानपणापासून कानावर पडते. ती इथल्या बाजारपेठेच्या भरभराटीविषयी आहे; पण शब्द वापरला आहे तो पाळण्याचा. अशा या शहरात बाहेरून आलेल्या कुटुंबापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो घराचा. बँकेत बदलून आलेला कर्मचारी असो, पोलाद कारखान्यात रुजू झालेला अभियंता असो, की मुलांच्या शिक्षणासाठी मंठा-घनसावंगीकडून आलेली शिक्षिका असो. साऱ्यांचे प्रश्न साधारण तीनच असतात. पाणी किती दिवसांनी येते? शाळा किती लांब आहे? आणि शेजार कसा आहे?

मी इतिहासाचा पदवीधर नाही. जुनी गॅझेटियरे, नकाशे आणि वस्त्या पायी हिंडण्याची सवय एवढेच माझे भांडवल. त्या भांडवलावर गेली काही वर्षे मी जालना आणि आसपासच्या वस्त्या कशा वसल्या याचा शोध घेतो आहे. त्यातून एक गोष्ट स्पष्ट होत गेली. वरच्या तीन प्रश्नांपैकी पहिल्या दोघांचे उत्तर नकाशा देऊ शकतो. तिसऱ्या प्रश्नात मात्र आपला सगळा सामाजिक इतिहास दडलेला आहे. आखीवरेखीव वस्तीची खरी परीक्षा रस्त्याच्या रुंदीवर होत नाही. माणसाला आपला पत्ता निवडता येतो का, यावर होते.

गावालाही आराखडा होता

‘नियोजित वस्ती’ म्हटले की सरळ रस्ते, चौरस भूखंड आणि मधोमध बाग असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. उलट जुने गाव आपोआप, वाटेल तसे वाढले असे आपण समजतो. ही समजूत तपासून पाहावी लागते. मराठवाड्यातल्या कोणत्याही गावठाणात पाटलाची गढी कुठे, बामणआळी कुठे, बलुतेदारांची घरे कुठे आणि महारवाडा-मांगवाडा गावाबाहेर कुठे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असे. पाणवठेही ठरलेले असत. कागदावर न काढलेला तो एक आराखडाच होता, आणि कागदावर नसल्यामुळे तो बदलणे अधिक कठीण होते. त्या आराखड्यात घर निवडण्याचा प्रश्नच नव्हता. जन्म झाला की पत्ता मिळाला.

निवड सुरू झाली ती पेठांमध्ये. नवी पेठ वसवायची तर व्यापारी आणि कारागीर बाहेरून आणावे लागत. त्यासाठी कौल दिला जाई, पहिली काही वर्षे करात सूट मिळे. म्हणजे ‘या, इथे राहा’ असे आमंत्रण देणारी वस्ती आपल्याकडे नवीन नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी वसवली, म्हणजे पुढचे औरंगाबाद व आजचे छत्रपती संभाजीनगर, तेव्हा वस्तीबरोबर त्याने नहरीचे पाणी आणले. जालन्यातही तेच सूत्र दिसते. कुंडलिका नदीच्या एका बाजूला जुना जालना आणि दुसऱ्या बाजूला व्यापाराचे कादराबाद अशी या शहराची जुनी विभागणी. शहराच्या पश्चिमेचा तलाव आणि तिथून जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांपर्यंत आणलेले पाणी ही व्यवस्था जमशेदखानाच्या नावाशी जोडली जाते. वस्ती वसवणाऱ्याला पाण्याचा विचार आधी करावा लागे, कारण त्याशिवाय बाहेरचे कुटुंब येऊन टिकत नसे.

पण पेठेतही बोलावले जाई ते जातीच्या आणि धंद्याच्या जथ्याने. पत्ता बदलला तरी शेजार बहुधा तोच राहिला.

छावणी: रेघांनी आखलेली पहिली वस्ती

जालन्यात मोजणी करून, रेघा मारून वसवलेली पहिली मोठी वस्ती म्हणजे लष्कराची छावणी. १८०३ मध्ये इथून जवळच असईची लढाई झाली. पुढे हैदराबाद कंटिंजंट या फौजेसाठी १८२७ मध्ये जालन्यात छावणी बांधली गेली. छावणी म्हटली की अधिकाऱ्यांचे बंगले, शिपायांच्या बराकी, कवायतीचे मैदान आणि या सर्वांची गरज भागवणारा सदर बाजार. सदर बाजार हे नाव जालन्यात अजून रोजच्या बोलण्यात आहे. १९०३ मध्ये कंटिंजंटचे वेगळे अस्तित्व संपले, आणि त्या छावणीचे कारणही संपले.

छावणीने दोन गोष्टी शिकवल्या. सरळ रस्ते आणि मोकळी हवा हवीशी असते, ही एक. आणि जी वस्ती एकाच मालकाच्या नोकरीवर उभी असते, ती त्या नोकरीबरोबर ओस पडते, ही दुसरी. शिवाय छावणीतले घर हे निवडलेले घर नव्हते, नेमून दिलेले होते. जन्माऐवजी हुद्द्याने पत्ता मिळत होता, एवढाच फरक.

बेथेल

जालन्याच्या परिसरात, गाव सोडून आलेल्या कुटुंबांसाठी मुद्दाम वसवलेल्या वस्तीचे सर्वांत लक्षणीय उदाहरण आहे बेथेल. ते आज फारसे कुणाच्या बोलण्यात येत नाही.

ही वस्ती वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत यानेही मिशनऱ्यांकडे आश्रय घेतला होता. वडील कोर्टात गेले, आणि कोर्टाने अल्पवयीन श्रीपतला त्यांच्या ताब्यात दिले. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे, यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. मराठी समाजसुधारणेच्या इतिहासात हे प्रकरण ‘श्रीपत शेषाद्री प्रकरण’ म्हणून प्रसिद्ध आहे. आपण सहसा श्रीपतपाशी थांबतो. थोरल्या भावाचे पुढे काय झाले, हे पाहायला जालन्याला यावे लागते.

नारायण शेषाद्री पुढे जालना भागात कामाला आले. त्यांच्या उपदेशाने धर्मांतर केलेल्यांत मांग समाजातील कुटुंबांचा भरणा मोठा होता. धर्म बदलला तरी गावातली जागा बदलत नव्हती. राहणे त्याच गावाबाहेरच्या वाड्यात, आणि वर बहिष्काराची भीती. तेव्हा त्यांनी सर सालारजंग हैदराबादचे दिवाण असताना निजाम सरकारकडून जालन्याजवळ जमीन मिळवली आणि तिथे स्वतंत्र गाव वसवले. नाव ठेवले बेथेल, म्हणजे देवाचे घर. या कामासाठी त्यांनी युरोप-अमेरिकेत भाषणे दिली. १८७३ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते उपस्थित होते.

धर्मांतराविषयी वाचकाचे मत काहीही असो, मला या घटनेतली वस्तीची बाजू महत्त्वाची वाटते. ज्यांना शेकडो वर्षे गावाच्या कडेला ठेवले गेले, त्या कुटुंबांना प्रथमच असे गाव मिळाले की ज्याला ‘गावाबाहेर’ नव्हते. तिथल्या पाणवठ्यावर कुणी हटकणारे नव्हते. मात्र या पत्त्यालाही किंमत होती. जमीन सरकारची, व्यवस्था मिशनची, आणि प्रवेशाचे दार धर्माचे. निवड होती, पण एकाच दारातून. आणि उरलेल्या गावांत जुना आराखडा तसाच राहिला.

प्लेग, सोसायट्या आणि आडनावे

बेथेलनंतर काही दशकांतच मुंबईत दुसऱ्या कारणाने नियोजित वस्त्या सुरू झाल्या. १८९६ मध्ये प्लेग आला. कोंदट चाळी हे त्याचे एक कारण मानले गेले आणि १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. दादर-माटुंग्याच्या आखलेल्या वसाहती ही त्याचीच फळे. रुंद रस्ते, झाडे, शाळा, मैदाने. मध्यमवर्गीय कुटुंबाला हवे ते सगळे तिथे मिळाले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्ड यांचे उद्याननगरीची कल्पना मांडणारे पुस्तक निघाले.

पण या नव्या वसाहतींची नावे पाहा: पारसी कॉलनी, हिंदू कॉलनी. १९१५ मध्ये गावदेवीला स्थापन झालेली सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था ही देशातील अशा संस्थांमधली पहिली मानली जाते. सहकार नवा होता, इमारत नवी होती. शेजार मात्र जातीने निवडलेला होता. परक्या शहरात आपली माणसे जवळ असावीत ही भावना समजण्यासारखी आहे. प्रश्न येतो तो ज्याची अशी सोसायटी नाही त्याचा.

याचे सर्वांत बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी खाणावळीत ते पारशी म्हणून राहिले आणि काही दिवसांतच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. पदवी होती, हुद्दा होता, भाडे द्यायला पैसे होते. पत्ता मिळत नव्हता. पुढे १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केले आणि नागसेनवनाचा परिसर उभा राहिला. जालना-परभणी-बीडकडच्या किती मुलांना शहरातला पहिला हक्काचा पत्ता तिथल्या वसतिगृहांत मिळाला असेल, याची कल्पना करावी.

सोडतीतला शेजारी

अमेरिकेत क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये ‘शेजार-घटका’ची कल्पना मांडली. एका प्राथमिक शाळेला पुरेल एवढी वस्ती, मध्यभागी शाळा, मुलाला मोठा रस्ता न ओलांडता साधारण ४०० मीटरमध्ये तिथे जाता यावे, आणि दहा टक्के जागा मोकळी. वस्ती किती मोठी असावी हे मुलाच्या पावलांनी ठरवायचे, ही त्यातली गोम. आपल्याकडच्या सेक्टरांमागे हीच कल्पना दिसते.

१९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोकडे १९७२ मध्ये नवीन औरंगाबादचे काम आले. जालन्यापासून हे अंतर साधारण साठ किलोमीटर. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. पण मुलांच्या शिक्षणासाठी घर सिडकोत आणि नोकरी जालन्यात, अशी रोज ये-जा करणारी कुटुंबे आमच्या ओळखीची आहेत. सिडकोने घरे विभागली ती उत्पन्न गटांनुसार, आणि वाटली ती सोडतीने. सोडतीत चिठ्ठी निघते तेव्हा शेजारी कोण येणार हे ठाऊक नसते. आखणीच्या नकाशापेक्षा ही चिठ्ठी मला मोठी सामाजिक घटना वाटते. एन-सेव्हन, एन-नाइन अशा पत्त्यांतून माणसाची जात कळत नाही. उत्पन्न कळते, हे खरे. म्हणजे जुनी भिंत पडली तिथे नवी उभी राहिली. पण उत्पन्न बदलता येते. २००६ मध्ये या वसाहतींचा कारभार महापालिकेकडे गेला. तोवर रहिवाशांनी मजले चढवले, पुढच्या खोलीत दुकाने थाटली, मूळ आराखडा हवा तसा वाकवला. वस्ती रुळली याचीच ती खूण.

आजचे जालना

१९६४ मध्ये बद्रिनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली, पुढे पोलादाच्या सळ्यांचे कारखाने आले, आता समृद्धी महामार्ग आला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २,८५,५७७ होती. २०२३ मध्ये जालना महानगरपालिका झाली. शहराच्या चारी बाजूंना एन.ए. प्लॉटच्या पाट्या उभ्या आहेत.

नव्याने येणाऱ्या कुटुंबाला इतिहासातून काही सांगायचे तर ते असे. आधी पाणी पाहावे. २०१२-१३ च्या दुष्काळात या शहराने टँकरवर दिवस काढले; घाणेवाडीचा तलाव आणि जायकवाडीची जलवाहिनी या दोन शब्दांना इथे किती वजन आहे ते तेव्हाच्या गृहिणींना विचारावे. मग मंजूर आराखडा मागून घ्यावा आणि त्यातली मोकळी जागा प्रत्यक्ष जाऊन पाहावी. कागदावर बाग असते तिथे कधी कधी वाळूचा ढीग असतो. मग घरापासून शाळेपर्यंत मुलाच्या चालीने चालून पाहावे.

आणि शेजार? त्याबाबतीत प्रश्न उलटा विचारावा. घरमालक भाव सांगण्याआधी आडनाव विचारतो का, ते पाहावे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच आहे. पण पाटी बदलायला एक दिवस लागतो. पाटीमागचा आराखडा पुसायला पिढ्या लागतात. दुसरीकडे, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात सदस्यत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा नियम ग्राह्य धरला. कायद्यानेही हा प्रश्न पूर्ण सोडवलेला नाही.

मुलांसाठी चांगली वस्ती कोणती, याचे उत्तर आपण बाग, घसरगुंडी आणि फाटकावरच्या पहारेकऱ्यात शोधतो. बेथेलला आलेल्या कुटुंबांनी ते वेगळ्या ठिकाणी शोधले होते. ज्या पाणवठ्यावर आपल्या मुलाला कुणी हटकणार नाही, ती वस्ती त्यांच्या लेखी चांगली होती. दीडशे वर्षांनंतर, पाणी नळाने घरात येत असतानाही, घर निवडताना हीच कसोटी लावावी असे मला वाटते. ज्या अंगणात कुणाचेही मूल खेळायला येऊ शकते, तिथे आपले मूलही सुरक्षित असते.