मेंदूचा हिवताप : प्रतिमेचा इतिहास आणि उपचाराची मर्यादा

मेंदूच्या हिवतापाने दगावलेल्या रुग्णाचा सुजलेला मेंदू पूर्वी शवविच्छेदनातच दिसे, सी.टी. स्कॅनमुळे तो जिवंतपणी पाहता येऊ लागला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी २००२ मध्ये प्रौढ रुग्णांच्या अशा प्रतिमांची शवविच्छेदनातील निष्कर्षांशी सांगड घातली. सूज दिसते तर ती उतरवावी, हा तर्क स्वाभाविक होता. परंतु राउरकेलाच्या इस्पात जनरल हॉस्पिटलमधील ६१ प्रौढांवरील चाचणीत (२०११) मॅनिटॉल दिलेल्यांची बेशुद्धी उलट लांबली. मलावीत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम.आर.आय. अभ्यासात मृत २५ बालकांपैकी २१ जणांच्या मेंदूला तीव्र सूज होती. सारांश, प्रतिमेने धोका दाखविला. उपाय मात्र स्वतंत्रपणेच सिद्ध व्हावा लागतो.