किल्लारी : कारण की निमित्त?

१/ ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लातूर-उस्मानाबादकडची गावे निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने हादरला. जवळपास दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर विचारला गेलेला पहिला प्रश्न होता : हे कशामुळे झाले?

२/ गंमत अशी, की 'कशामुळे' हा प्रश्नच भौतिकशास्त्रातून हद्दपार झाला आहे, असे तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९१२ मध्ये मांडले होते. गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांत कोणी कारण नसते, कोणी परिणाम नसतो. आजच्या स्थितीवरून उद्याची काढता येते, तशीच कालचीही.

३/ भूकंपलहरींचे आदर्श समीकरणही असेच. पहिली लहर सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावते. म्हणजे लातूर शहर सात सेकंदांत, सुमारे १४० किलोमीटरवरचे नांदेड २३-२४ सेकंदांत. काळ उलटा केला, तर नांदेडहून, लातूरहून, चहूकडून लहरी येऊन किल्लारीखाली विझाव्यात, हेही त्या समीकरणाला मान्य! प्रत्यक्षात तसे कधीच घडत नाही. खडकांच्या घर्षणात ऊर्जेची उष्णता होते आणि ती माघारी फिरत नाही. काळाची दिशा तिथे दिसते.

४/ किल्लारीचा खरा वाद मात्र निराळाच होता. जवळच निम्न तेरणा धरण. काही शास्त्रज्ञांनी त्याच्या पाण्याकडे बोट दाखवले. इतरांनी उत्तरेकडे सरकणाऱ्या भारतीय भूपट्टात साचलेल्या ताणाकडे. याआधी, १९६७ च्या कोयना भूकंपात, जलाशयाचा हात असल्याचे बहुतेकांनी मान्य केले होते. पण तिथेही पाण्याने ताण निर्माण केला नाही, साचलेला ताण मोकळा होण्यास वाट दिली. मराठीत यासाठी दोन नेमके शब्द आहेत : कारण आणि निमित्त. समीकरणाला हा भेद ठाऊक नाही. 'पाणी नसते, तर?' असे विचारणाऱ्यालाच तो लागतो.

५/ आणि माणसे मेली ती कशाने? बहुतांशी घरांनी. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती, वर मातीच्या जाड थराचे माळवद. मराठवाड्याच्या उन्हात हेच घर गारवा देई. त्या पहाटे तेच अंगावर कोसळले. भूपट्ट थांबवणे कोणाच्याच हाती नव्हते, माळवद मात्र बदलता येत होते. म्हणूनच पुनर्वसित गावांत भूकंपरोधक घरे उभी राहिली आणि जुन्या किल्लारीच्या जागी ढिगारे उरले.